एक चूल, चार ताटे

शाळेत आहाराचा पाठ शिकवताना आपण फळ्यावर एक तक्ता काढतो. डावीकडे कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे. उजवीकडे ती कशातून मिळतात ते. मुले तक्ता वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि घरी जाऊन आईने वाढलेले जेवतात. तक्त्याचा आणि ताटाचा संबंध बहुधा तिथेच संपतो. पण अलीकडे घरोघरी दुसरे तक्ते येऊन पोचले आहेत : मधुमेहाचा, रक्तदाबाचा, वजन उतरवण्याचा, ‘आपल्या घराण्याला मानवणारा’, ‘आपल्या रक्ताला मानवणारा’. हे मात्र लोक मनावर घेतात. घरात काय शिजायचे आणि कुणाच्या ताटातून काय काढून घ्यायचे, हे त्यांवरून ठरते. म्हणून या सल्ल्यांची परीक्षा करणे हे विज्ञान शिकवणाऱ्याचे काम आहे, असे आम्हांला वाटते.

परीक्षेसाठी एक घर डोळ्यांपुढे आणू. घर कल्पित आहे; पण अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोणत्याही शिक्षकाला ते ओळखीचे वाटेल. आजोबा पासष्ट वर्षांचे, दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. त्यांचा मुलगा बेचाळीस वर्षांचा. तालुक्याच्या गावी दुकानात बसतो. तक्रार काही नाही, मात्र कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर. सून अडतीस वर्षांची, रक्तदाब वाढलेला. नात चौदा वर्षांची. शाळेतल्या तपासणीत तिचे हिमोग्लोबिन १० ग्रॅम निघाले. चूल एक, पातेले एक, तवा एक. आजोबांना मधुमेह असल्याचे कळल्यापासून घरात तूप, दूध, शेंगदाणे, गूळ या सगळ्यांवर बंधन आले. “शेवटी घराण्यातच आहे, तेव्हा सगळ्यांनीच पथ्य पाळलेले बरे,” असे ठरले. या पथ्यात सर्वांत जास्त कोणी गमावले? उत्तर शेवटी पाहू. आधी या घरापर्यंत पोचलेले तीन सल्ले तपासू.

पूर्वजांचे ताट

पहिला सल्ला सर्वांत लोकप्रिय आहे. आपले आजे-पणजे ज्वारी-बाजरीची भाकरी खात, त्यांना कुठे होता मधुमेह? तेव्हा गहू-तांदूळ सोडा आणि भाकरीकडे परत चला. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हापासून या म्हणण्याला आणखी जोर चढला आहे.

पहिला प्रश्न असा, की कोणते पूर्वज? क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात १४ तालुके आहेत आणि निदान तीन वेगवेगळी ताटे आहेत. पश्चिमेला कळसूबाई-भंडारदऱ्याच्या पावसाळी अकोले तालुक्यात भात, नाचणी आणि वरई. दक्षिणेला आणि पूर्वेला जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर अशा कमी पावसाच्या भागात ज्वारी आणि बाजरी, सोबत हुलगा-मटकी. उत्तरेला प्रवरेच्या कालव्यांचा पट्टा. भंडारद्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर या पट्ट्यात ऊस आला, रोख पैसा आला आणि दोन-तीन पिढ्यांत ताट पालटले. ‘पारंपरिक आहार’ म्हणून जे दाखवले जाते ते यांतले नेमके कोणते, हे सांगणारा सांगत नाही.

दुसरा प्रश्न : पूर्वजांना मधुमेह नव्हता, हे कळले कसे? रक्तातली साखर मोजण्याची सोय गावात नव्हती. जे मोजले गेले नाही ते ‘नव्हते’ असे म्हणता येत नाही. मधुमेह तेव्हा कमी असणार हे संभवनीय आहे. पण त्या काळात माणसे विहिरीचे पाणी शेंदत, नांगरामागे चालत, बाजाराला पायी जात आणि वर्षातले काही महिने अर्धपोटी असत. हे सगळे बाजूला ठेवून श्रेय एकट्या भाकरीला देणे म्हणजे प्रयोगात चार गोष्टी एकदम बदलून निष्कर्ष एकीवर काढणे. आपल्या आठवीतल्या विद्यार्थ्याने असे केले, तर आपण त्याचे गुण कापू.

तिसरा प्रश्न भाकरीलाच विचारू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे घटक मोजून कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत कर्बोदके सुमारे ६८ ग्रॅम, बाजरीत ६२ आणि गव्हाच्या कणकेत ६४ ग्रॅम. तंतुमय पदार्थ ज्वारीत १०, बाजरीत व कणकेत ११ ते साडेअकरा ग्रॅम. म्हणजे पीठ तेवढेच घेतले, तर भाकरी आणि पोळी यांच्यात साखरेच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक दिसतो तो पॉलिश केलेल्या तांदळाशी तुलना करताना : कर्बोदके ७८ ग्रॅम आणि तंतू जेमतेम ३ ग्रॅम. पांढऱ्या भाताऐवजी भाकरी खाल्ली तर साखर सावकाश चढेल हे खरे. पण ‘भाकरी चालते’ म्हणून आजोबांनी दोनच्या जागी तीन खाल्ल्या, तर त्यांच्या रक्ताला ती तिसरी भाकरी मोजावीच लागते.

बाजरीची खरी मिळकत दुसरीकडे आहे. तिच्यात १०० ग्रॅमला सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते. तांदळात ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणजे बाजरीची आठवण आजोबांच्या आधी नातीसाठी व्हायला हवी होती. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी जतन केलेल्या गावठी बियाण्यांबद्दलही हेच म्हणता येईल. त्यांना २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्यांच्या वालांच्या, घेवड्यांच्या, पालेभाज्यांच्या वाणांची किंमत फार मोठी आहे, ती ताटात विविधता आणतात म्हणून. त्या वाणांना औषध म्हटल्याने ती किंमत वाढत नाही. उलट खोट्या दाव्याच्या भरीला पडते.

रक्ताचे ताट

दुसरा सल्ला अधिक ‘शास्त्रीय’ पोशाखात येतो. तुमचा रक्तगट सांगा, तुम्हांला काय मानवते ते सांगतो. किंवा थुंकीचा नमुना पाठवा, तुमच्या जनुकांवरून आहार आखून देतो. कुटुंबाचा इतिहास जनुकांत असतो, मग आहारही तिथूनच ठरवावा, हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो.

रक्तगटाचा आहार १९९६ च्या एका अमेरिकी पुस्तकामुळे जगभर गाजला. टोरांटोच्या संशोधकांनी २०१४ मध्ये सुमारे दीड हजार लोकांच्या माहितीवर तो तपासला. पुस्तकातल्या काही आहारांनी लोकांचे वजन, रक्तदाब वगैरे सुधारलेले आढळले. पण ती सुधारणा रक्तगट कोणताही असला तरी सारखीच होती. भाज्या जास्त आणि गोड-तळलेले कमी असे खाल्ले की कुणाचेही बरे होते. श्रेय मात्र रक्तगटाला मिळाले.

जनुकांची परीक्षा याहून कडक झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले. एका गटाला कमी स्निग्धांचा आहार, दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा. ज्यांची जनुके ‘या आहाराला अनुकूल’ समजली जात होती, त्यांचे वजन त्या आहाराने जास्त उतरते का, हे वर्षभर पाहिले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले : एका गटाचे सरासरी ५.३ किलो, दुसऱ्याचे ६ किलो वजन कमी झाले, आणि जनुकांच्या जुळणीने काही फरक पडला नाही. प्रत्येक गटात मात्र काहींचे वजन खूप उतरले आणि काहींचे उलट वाढले. माणसामाणसांत फरक आहे हे खरे. तो या जनुकांवरून ओळखता येत नाही, हेही तितकेच खरे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाशी संबंध असलेल्या जनुकांतल्या जागा शेकड्यांनी सापडल्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक धोक्यात थोडीशीच भर घालते. एका खोडीला एक गुन्हेगार असावा तसे हे नाही. याला अपवाद आहेत, तेही विद्यार्थ्यांना सांगावेत. थॅलसेमिया किंवा सिकलसेल यांसारखे विकार एकाच जनुकातल्या दोषाने होतात. अशा घरात कुटुंबाचा इतिहास निर्णायक ठरतो. थॅलसेमियाच्या वाहकाचे हिमोग्लोबिन कमी दिसते, पण ते लोहाच्या अभावामुळे असेलच असे नाही. त्याला नुसते लोह देत राहिल्याने ते वाढत नाही. जवळच्या नात्यात असा विकार असेल तर ‘बीट खा, गूळ खा’ हा सल्ला देण्याआधी रक्ताची योग्य तपासणी व्हायला हवी.

सरासरीचे ताट

तिसरा सल्ला सरकारी आहे आणि तिघांत सर्वांत भक्कम आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दिवसाचे एक ताट दिले आहे, सुमारे २,००० कॅलरींचे : धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, तेलबिया व सुका मेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. ताटातली धान्याची मक्तेदारी मोडून भाज्या आणि डाळी पुढे आणल्या, हा या ताटाचा मोठा गुण. आपल्या जिल्ह्यात ‘जेवलास का’ याचा अर्थ ‘भाकरी खाल्लीस का’ असाच होतो. तिथे हा धक्का हवाच होता.

आमचे आक्षेप दोन. पहिला : हे ताट निरोगी प्रौढाच्या सरासरीचे आहे, आणि सरासरी माणूस आपल्या घरात राहत नाही. याच संस्थांनी २०२० मध्ये ठरवलेल्या गरजा पाहा. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,१०० कॅलरी, बैठे काम करणाऱ्या स्त्रीला १,६६० आणि तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला २,४०० कॅलरी. लोह पुरुषाला १९ मिलिग्रॅम, या वयाच्या मुलीला ३०. म्हणजे आपल्या घरात दुकानात बसणाऱ्या बापापेक्षा शाळेत जाणाऱ्या मुलीचे ताट मोठे असायला हवे. किती घरांत ते असते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. वाढपाची पद्धत या आकड्यात लिहिलेली आहे.

दुसरा आक्षेप जागेचा आणि खिशाचा. माणशी ४०० ग्रॅम भाज्या, म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो. मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या गावात हा हिशेब कसा बसवायचा? उत्तर नाहीच असे नाही. मोड आलेली मटकी, हुलगा, वाळवून ठेवलेल्या भाज्या, शेवग्याचा पाला, उन्हाळ्यातली चिंच आणि लिंबू हे सगळे आहे. पण हे उत्तर तालुक्या-तालुक्यात वेगळे असणार, आणि ते स्थानिक शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई यांनीच काढायचे आहे.

घराण्याने दिले ते काय?

तिन्ही सल्ले तपासून झाले. आता मूळ प्रश्न : घरात आजार असेल तर त्याचा आहार निवडताना किती विचार करावा?

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतीयांसाठी मधुमेहाच्या धोक्याचे एक सोपे गुणपत्रक तयार केले. एकूण गुण १००. वयाला जास्तीत जास्त ३०, श्रमाच्या अभावाला ३०, कमरेच्या घेराला २० आणि कुटुंबाच्या इतिहासाला २०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. साठ किंवा अधिक गुण म्हणजे धोका मोठा. आपल्या दुकानदाराचे गुण मांडू. वय पस्तीस ते एकोणपन्नास : २०. घेर नव्वद ते नव्याण्णव : १०. बैठे काम, व्यायाम नाही : ३०. वडिलांना मधुमेह : १०. एकूण ७०. त्याने रोज नियमित व्यायाम सुरू केला आणि घेर नव्वदच्या आत आणला, तर गुण ५० वर येतात. घराण्याचे दहा गुण हलत नाहीत. पण हलणाऱ्या गुणांचा डोंगर त्याहून मोठा आहे. ‘आमच्याकडे घराण्यातच आहे’ हे वाक्य लोक हात टेकताना म्हणतात. गुणपत्रक उलटे सांगते : घराण्यात आहे, म्हणून लवकर मोजा आणि लवकर हला.

असे हलण्याने उपयोग होतो का, हेही भारतात तपासून झाले आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीप्रमाणे राहणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला; आहार आणि चालण्याचा सल्ला पाळणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. सगळे वाचले नाहीत, पण शंभरातले सोळा वाचले. घराण्याचा शाप मानणाऱ्याने आणि चमत्कार विकणाऱ्याने, दोघांनीही हा आकडा लक्षात ठेवावा.

कुटुंबाच्या इतिहासात आणखी एक गोष्ट येते, ती जनुकांत नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो; इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान होती, स्नायू कमी होते, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि इंग्रज सहकारी युडकिन यांचा एकत्र फोटो प्रसिद्ध केला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९ टक्के, याज्ञिकांची २१ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते कमरेच्या फितीला दिसते, हे शिकवायला याहून चांगले चित्र नाही.

गर्भात सोसलेली उपासमार पुढे कशी बोलते, हे नेदरलँडमध्ये दिसले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे मोठा दुष्काळ पडला. त्या वेळी आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराला साखर हाताळणे इतरांपेक्षा जड जात असल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. नगर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळातली खडी, सुकडी आणि अमेरिकेची लाल मिलो इथल्या वृद्धांच्या तोंडून अजून ऐकू येते. त्या वर्षी जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. म्हणून घराण्याचा इतिहास विचारताना ‘कुणाला साखर होती’ एवढ्यावर थांबू नये. ‘तुमचा जन्म कोणत्या साली झाला, तेव्हा घरात खायला काय होते’ हेही विचारावे. आजीने काढलेली खडी हाही कुटुंबाचा इतिहासच आहे.

आणि तिसरी गोष्ट, सर्वांत साधी. बाप आणि मुलगा यांची जनुके निम्मी सारखी असतात. पण चहातली साखर, ताटातले मीठ आणि जेवणानंतर बसून राहण्याची सवय पूर्ण सारखी असते. घराण्यात आजार येतो तो रक्तातून येतो तसा स्वयंपाकघरातूनही येतो.

आजची प्रकृती

घराण्याचा इतिहास कधी आणि काय मोजायला लागायचे ते सांगतो. ताटात काय वाढायचे ते मात्र मोजून आलेला आकडा सांगतो. याचा एक सुंदर दाखला आपल्याच भाकरीचा आहे.

इक्रिसॅट ही संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने २०१२-१४ च्या सुमारास ‘धनशक्ती’ हा जास्त लोह असलेला बाजरीचा वाण प्रसारित झाला. अशाच लोहयुक्त बाजरीची चाचणी महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर झाली. अर्ध्यांना ती बाजरी, अर्ध्यांना साधी बाजरी, सहा महिने. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ज्यांच्या शरीरात लोहाचा साठा कमी होता, त्यांच्यापैकी लोहयुक्त बाजरी खाणारी मुले साध्या बाजरीच्या तुलनेत १.६४ पट प्रमाणात अभावातून बाहेर आली. ज्यांना मुळात कमतरता नव्हती त्यांच्यात परिणाम कमी दिसला. भाकरी तीच, शरीराला हवे होते तिथे लागू पडली. प्रकृतीनुसार आहार म्हणजे काय, ते इतक्या स्वच्छपणे क्वचितच सांगता येते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एकाचे पथ्य दुसऱ्याला अपाय करते. रक्तदाबासाठी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ, हा सल्ला घरातल्या सगळ्यांना चालतो. ठेचा, पापड, लोणचे आणि फरसाण यांचे मीठ त्यातच धरायचे. पण त्यासाठी मिळणारे ‘कमी सोडियमचे मीठ’ सगळ्यांना चालत नाही. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंड बिघडलेल्या माणसाला ते धोक्याचे ठरू शकते.

उपवासाचेही तसेच. गुरुवार, शनिवार, एकादशी, नवरात्र. जिल्ह्यात शिर्डी, शिंगणापूर आणि मोहटादेवी असताना उपवास घरोघरी असणारच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने औषध तेच ठेवून जेवण टाळले, तर रक्तातली साखर एकदम घसरून घेरी येऊ शकते, बेशुद्धीही येऊ शकते. ‘दिवसातून दोनदाच जेवा’ या प्रसिद्ध सल्ल्यालाही हीच अट लागू आहे. तो काहींना उपयोगी पडतो, कारण मधले चहा-बिस्किट सुटते. पण औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळा बदलू नयेत, आणि वाढत्या मुलांना तो लावू नये. उपवासाच्या साबुदाण्यात कर्बोदके शंभरात ८७ आणि प्रथिने जवळजवळ शून्य. आजोबांसाठी याहून वाईट ‘हलका फराळ’ सापडणे कठीण.

वाढप वेगळे

आता आपल्या घरात परत जाऊ. चार माणसांचे चार स्वयंपाक कुणी करणार नाही, आणि चार तक्ते देणारा सल्लागार त्या चुलीपुढे कधी बसलेला नसतो. स्वयंपाक एकच राहू द्यावा. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, दही, कांदा-लिंबू, मीठ बेताचे. वाढप मात्र वेगळे. आजोबांना भाकरी मोजून, उसळ-भाजी जास्त. मुलाला तेच, आणि जेवणानंतर चालणे. सुनेला वरून मीठ, पापड नाही. नातीला भाकरी पोटभर, उसळ दुप्पट, वर लिंबू पिळून, कारण क जीवनसत्त्वाने भाज्या-धान्यांतले लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा नाही, कारण चहा ते अडवतो. शिवाय शेंगदाणे, दूध, परवडत असेल आणि चालत असेल तर अंडे. शाळेतून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या वेगळ्या. अन्न त्यांची जागा घेत नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. आजोबांच्या पथ्याचा तक्ता सगळ्या घराला लावला, तेव्हा गुळावरच्या बंधनाने कुणाचे काही बिघडले नाही. पण नातीच्या ताटातून दूध, शेंगदाणे आणि तूप गेले. जिची गरज सर्वांत मोठी, तिनेच सर्वांत जास्त गमावले, आणि तेही ‘घराण्यात आहे’ या काळजीपोटी.

शिक्षकांनी काय करावे? जिल्ह्यातच एक उदाहरण आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांच्या कामाचा एक पाया असा, की उपदेश करण्याआधी मूल तोलायचे. आपणही तक्ता लिहून देण्याआधी मोजायला शिकवू शकतो. साधी शिंप्याची फीत आणि मोहनांचे गुणपत्रक घेऊन नववी-दहावीच्या मुलांनी घरातल्या मोठ्यांचे गुण घरीच काढावेत. आकडे वर्गात वाचून दाखवू नयेत, आजाराचे नाव कुणाला विचारू नये, कुणाला सर्वांसमोर काट्यावर उभे करू नये. वर्गात एवढेच विचारावे : काल रात्री घरात शेवटी कोण जेवले, आणि तेव्हा पातेल्यात काय उरले होते?

आहाराचा पाठ तिथून सुरू केला, तर फळ्यावरच्या तक्त्याचा ताटाशी संबंध जुळेल.